पऱ्हाटी, दुधाच्या पिशव्या आणि दरसूची: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: पऱ्हाटी व टाकाऊ प्लॅस्टिकपासून बनणाऱ्या बोर्डांना राज्य दरसूचीत स्थान मिळणे व अनुदानाचा रोख बदलणे याबाबत.

महोदय,

जानेवारी सरत आला की विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली झाडे, उपटायला सुरुवात होते. राज्यात साधारण चाळीस लाख हेक्टर जमीन कापसाखाली असते आणि हेक्टरी दोन ते तीन टन काडी निघते. थोडी चुलीला जाते, थोडी दाबून जळणाच्या कांड्या करणारे ब्रिकेटवाले नेतात, कुठे ट्रॅक्टरच्या श्रेडरने ती शेतातच बारीक होते. उरलेली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गंजी लावून पडते किंवा पेटवली जाते. या गंजीतल्या न फुटलेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. २०१७ च्या हंगामात तिने काय केले ते सगळ्या कापूस पट्ट्याने पाहिले. तेव्हापासून कृषी विभाग दर वर्षी बजावतो की फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका. सल्ला योग्य आहे. पण ती न्यायची कुठे, याचे उत्तर शेतकऱ्याला अजून मिळालेले नाही.

एक उत्तर बोर्डाचे आहे. पऱ्हाटीची काडी गवतासारखी नाही, तिची घडण लाकडाच्या जवळची आहे. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुगा दाबून केलेली फळी, बनवण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने फार पूर्वीच बसवले आहे. हीच काडी रेझिनऐवजी, म्हणजे रासायनिक डिंकाऐवजी, वितळलेल्या प्लॅस्टिकने बांधता येते. तसे केल्यास फॉर्मल्डिहाइडचा वास राहत नाही, बोर्ड पाण्याला जास्त टिकतो आणि दुधाच्या पिशव्या नाल्यात जाण्याऐवजी कामी येतात. हे पत्र कृषी किंवा पर्यावरण खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत, कारण या मालाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आपला विभाग होऊ शकतो आणि आज त्याच्या दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांसाठी ठरलेल्या माल व दरांच्या यादीत, हा माल नाही.

असे उद्योग का बंद पडतात हे आधी सांगायला हवे. त्याशिवाय आमची मागणी म्हणजे आणखी एक अनुदान, असा समज होईल.

आठ बाय चार फुटांचा, १२ मिमी जाडीचा एक बोर्ड घ्या. घनता घनमीटरला ९०० किलो धरली तर त्याचे वजन सुमारे ३२ किलो भरते. त्यात काडीचा भुगा १९ किलोच्या आसपास, प्लॅस्टिक १२ किलो आणि दोघांना सांधणारे मॅलेइक अनहायड्राइडयुक्त पॉलिथिलीन पाऊण किलोच्या आत. हे तिसरे द्रव्य महाग असते, म्हणून पुष्कळ जण गाळतात. काडी पाणी धरणारी, पॉलिथिलीन पाणी झटकणारे. सांधणारे द्रव्य नसेल तर प्लॅस्टिक भुग्याभोवती नुसते गोठते, त्याला चिकटत नाही. असा बोर्ड कारखान्यात उत्तम दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात कडांपासून फुगायला लागतो.

कुठले प्लॅस्टिक चालते? काडी २०० अंशांच्या पुढे करपते. म्हणजे त्याच्या बऱ्याच खाली वितळणारेच प्लॅस्टिक हवे: दुधाच्या पिशव्यांचे एलडीपीई सुमारे ११० अंशांना वितळते, डबे-बादल्यांचे एचडीपीई १३० ला (दोन्ही पॉलिथिलीनचेच प्रकार), खताच्या पोत्यांचे पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास. पाण्याच्या बाटलीचे पीईटी वितळायला २५० अंश लागतात. ते बोर्डात कच्च्या तुकड्यांसारखे राहते आणि तिथूनच बोर्ड तुटतो. पाइपांचे पीव्हीसी तापले की आम्लाचा वायू सोडते. तो माणसाच्या फुप्फुसाला आणि बोर्ड तापवून दाबणाऱ्या प्रेसच्या पोलादाला सारखाच घातक. तेलाच्या पिशव्यांत अनेकदा नायलॉनचा थर असतो, त्या दुधाच्या पिशव्यांत मिसळू नयेत. फवारणीच्या औषधांचे डबे एचडीपीईचे असले तरी ते या कामात कधीही येता कामा नयेत. धुऊनही त्यांतला अंश पूर्ण जात नाही, आणि तापलेल्या प्रेसजवळ उभा राहणारा मजूर तो श्वासातून घेतो. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेने माणसे दगावली आहेत. त्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

वर्गीकरणासाठी मोठे यंत्र लागत नाही. धुण्याच्या हौदातच निम्मे काम होते: पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पीईटी आणि पीव्हीसी तळाला जातात. दुधाच्या पिशवीला मात्र साधे पाणी पुरत नाही. आत साय राहिली तर तो स्निग्ध थर प्लॅस्टिक आणि काडी यांच्या मध्ये येतो आणि सांधा कच्चा राहतो. कोमट पाण्यात एक टक्का कॉस्टिक सोडा, मग दोन वेळा स्वच्छ पाणी, आणि ते पाणी सोडण्याआधी त्याचे आम्लाने उदासिनीकरण. फिल्म हलकी असते, तशीच भुग्यात मिसळली तर वर येऊन बसते आणि बोर्डाच्या एका अंगाला प्लॅस्टिक, दुसऱ्या अंगाला कोरडी काडी असे होते. म्हणून ती आधी घुसळून दाणेदार करावी आणि मग दळावी.

महाराष्ट्रातल्या शेतात आणखी एक उत्तम माल पडून आहे, तो म्हणजे ठिबकच्या जुन्या नळ्या. त्या पॉलिथिलीनच्याच असतात आणि उन्हाला टिकाव्यात म्हणून त्यांत दोन-अडीच टक्के काजळी मुळातच घातलेली असते. आतला क्षार आणि गाळ काढण्यासाठी त्या उभ्या चिरून धुवाव्या लागतात, एवढीच मेहनत. मल्चिंगचा कागद, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरलेली प्लॅस्टिकची फिल्म, मात्र नको. त्याला चिकटलेली माती धुता धुता पाणी संपते, माल निघत नाही.

आता काडीकडे. पऱ्हाटी मुळासकट उपटणे बोंडअळीसाठी बरोबर आहे, पण मुळाला काळी माती असते आणि मातीतला बारीक खडा हॅमर मिलचे हातोडे व चिपरची पाती खातो. उपटल्यावर बुडाचा भाग शेतातच तोडून वेगळा ठेवावा, तो जळणाला उत्तम. चिपर, हॅमर मिल, चाळणी या क्रमाने अर्धा ते चार मिमीचा भुगा निघाला पाहिजे. सालीचे दोरे गुंततात आणि पाणी धरतात. अर्ध्या मिलीमीटरखालची धूळ प्लॅस्टिक पिऊन टाकते. दोन्ही चाळून काढावे लागतात.

आणि मग ओलावा. बहुतेक कारखाने इथेच मरतात, म्हणून यावर थोडे थांबतो.

उपटलेली काडी सुमारे निम्मी पाणी असते. एप्रिल-मेच्या वैदर्भीय उन्हात, सिमेंटच्या अंगणात पसरून उलथत राहिले तर भुगा सहा-सात टक्क्यांवर येतो. तो हाताला कोरडा ठणठणीत लागतो आणि इथेच माणूस फसतो. १९ किलो भुग्यात सहा टक्के ओलावा म्हणजे किलोहून जास्त पाणी. प्रेसमध्ये १७५ अंशांना त्याची दोन घनमीटरहून अधिक वाफ होते आणि बोर्डाचे स्वतःचे घनफळ आहे ०.०३६ घनमीटर. रेझिनच्या बोर्डात वाफेला भुग्याच्या फटींतून वाट मिळते. इथे वितळलेले प्लॅस्टिक त्या फटी बुजवते. प्रेस उघडताच बोर्ड भाकरीसारखा फुगतो, कधी आवाज करून मधोमध उकलतो. त्यामुळे प्लॅस्टिकशी गाठ पडण्याआधी भुगा दोन टक्क्यांच्या आत आणावा लागतो. ते उन्हाने होत नाही, गरम हवेचा ड्रायर लागतो. पावसाळ्यात तर हाच भुगा हवेतून पुन्हा पंधरा टक्क्यांवर पाणी ओढतो, तेव्हा ड्रायरमधून काढला की त्याच पाळीत वापरला पाहिजे. ड्रायरला जळण विकत आणायचे कारण नाही: चाळलेली साल, धूळ आणि तोडलेली बुडे पुरतात. ओलावा मोजणेही सोपे आहे. शंभर ग्रॅम भुगा १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवायचा आणि फरक पाहायचा.

दुसरी चूक यंत्र घेताना होते. प्रेसला दर चौरस सेंमीला २५ किलोच्या आसपास दाब लागतो. आठ बाय चारच्या बोर्डाला त्या हिशोबाने सुमारे ७५० टनांची प्रेस हवी. शंभर टनांच्या प्रेसवर दोन बाय दोन फुटांची लादीच निघते. मोठ्या पाट्या लावून लहान जोर दिला तर कडा बसतात, पोट पोकळ राहते. कोटेशनमध्ये पाटीचे माप ठळक असते, टनेज कोपऱ्यात. अनुदानाचा प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने टनेजला पाटीच्या क्षेत्रफळाने भागण्याचा हा एक भागाकार केला तरी पुष्कळ पैसा वाचेल.

तिसरी चूक थंड करण्याची. रेझिनचा बोर्ड गरम प्रेसमध्येच पक्का होतो आणि गरमच बाहेर काढता येतो. प्लॅस्टिकचा बोर्ड नेमका उलटा: तो गरम असताना मऊ असतो, पक्का होतो तो थंड होताना. दाब कायम ठेवून तापमान साठ अंशांच्या खाली आणल्याशिवाय प्रेस उघडू नये. उघडली तर जाडी वाढते, थर सुटतात, बोर्ड पापडासारखा वाकतो. म्हणजे पार्टिकल बोर्डाची जुनी प्रेस स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि तिला थंड पाणी फिरवायची सोय नसेल, तर ती या कामाची नाही. एकच प्रेस तापवत-निववत बसण्यापेक्षा गरम आणि थंड अशा दोन प्रेस शेजारी ठेवाव्यात आणि दोन पत्र्यांमध्ये धरलेला बोर्ड झटकन एकीतून दुसरीत सरकवावा. पत्र्यांवर टेफ्लॉनचे कापड हवेच. तापवायला मिलीमीटरमागे साधारण एक मिनिट, निववायला त्याहून थोडे जास्त. एक बोर्ड पूर्ण झाल्यावरच दुसरा घेतला तर तासाला दोन, आठ तासांच्या पाळीत सोळा.

चांगला आणि वाईट बोर्ड वरून ओळखू येत नाही. मधोमध कापून छेद पाहावा. पांढुरके ठिपके दिसले तर आत उष्णता पोचली नाही. कडेला तपकिरी पट्टा आणि करपट वास असेल तर पोचली जास्त. मध्यावर नखाने थर उचलला जात असेल तर ओलावा. छेद एकसारखा करडा असेल आणि स्क्रू फिरवताना भुगा न सुटता घट्ट जात असेल तर माल बरा.

या सोळा बोर्डांचा वर्षाचा हिशोब आपल्यासमोर ठेवतो. तीनशे दिवसांत ४,८०० बोर्ड. साल, धूळ, बुडे वजा जाता त्यांना सुमारे १४० टन काडी लागेल, म्हणजे पन्नास-साठ हेक्टरची. ती एकाच गावात मिळते. प्लॅस्टिक मात्र वर्षाला ५८ टन, दिवसाला जवळजवळ दोनशे किलो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीचे वजन तीन-चार ग्रॅम, म्हणजे रोज पन्नास हजारांहून अधिक पिशव्या. त्या खेड्यात मिळत नाहीत. अमरावती, अकोला, यवतमाळ, नांदेड अशा शहरांतूनच येऊ शकतात. पऱ्हाटीच्या उद्योगाला टंचाई भासते ती पऱ्हाटीची नव्हे, स्वच्छ प्लॅस्टिकची. हा साधा हिशोब प्रकल्प अहवालांत सहसा दिसत नाही.

म्हणून पहिली विनंती अनुदानाच्या रोखाबद्दल. यंत्राचे कोटेशन जोडले की प्रस्ताव उभा राहतो आणि पैसा प्रेसमध्ये जातो. सिमेंटचे अंगण, शेड, ड्रायर, धुण्याचे हौद आणि तीन महिन्यांत वर्षभराची काडी विकत घेऊन ठेवण्याचे खेळते भांडवल, हे सगळे मालकाच्या अंगावर पडते. आमचे म्हणणे असे की प्रेसवरचे अनुदान कमी झाले तरी चालेल, वाळवण आणि धुलाईला ते मिळाले पाहिजे. यासाठी नवी जागा शोधायची गरज नाही. हिंगणघाट, वणी, अकोट, खामगाव या पट्ट्यातल्या जिनिंगची आवारे उन्हाळ्यात रिकामी असतात. तिथे सिमेंटचे अंगण आहे, वजनकाटा आहे, आग विझवायला पाण्याची टाकी आहे आणि शेतकऱ्याला रस्ता माहीत आहे. कापूस संपायला आणि पऱ्हाटी यायला एकच वेळ. मात्र गाठी उचलल्याशिवाय काडी आत घेऊ नये, दोन्ही पेट घेणारे आहेत. गंज्या लहान, मध्ये बंब फिरेल एवढी वाट आणि भुगा पंधरा टक्क्यांपेक्षा ओला असताना ढीग न लावणे हे नियम पक्के असावेत. ओला ढीग आतून तापतो.

दुसरी विनंती ग्रामविकास खात्याच्या साथीने करायची आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. जिथे या केंद्रांत सगळे प्लॅस्टिक एकत्र दाबून गाठी बांधल्या जातात, तिथली गाठ सिमेंटच्या भट्टीशिवाय कुणी घेत नाही. दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या आणि पोती अशा तीन वेगळ्या गाठी बांधा, एवढी एक सूचना निघाली तरी त्याच मालाला भाव येतो. राज्याच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ती नीट अमलात आली तर गोळा करणाऱ्या बायकांना रोजचा पैसा दिसेल आणि कारखान्याला स्वच्छ माल.

तिसरी विनंती थेट आपल्या विभागाची आहे, आणि पत्र मुख्यतः तिच्यासाठी. राज्य दरसूचीत प्लायवूड आहे, पार्टिकल बोर्ड आहे. पिकाची काडी आणि पुनर्वापरातले प्लॅस्टिक यांचा दाबीव बोर्ड स्वतंत्र बाब म्हणून नाही. भारतीय मानक ३०८७ लाकडाखेरीज इतर काडीच्या पार्टिकल बोर्डालाही लागू आहे, पण ते रेझिनचा बोर्ड समोर ठेवून लिहिलेले आहे. त्यामुळे शाखा अभियंत्याला हा बोर्ड पसंत पडला तरी दर पृथक्करण (दराचा तपशीलवार हिशोब) करा, अधीक्षक अभियंत्यांची मंजुरी आणा, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर द्या, हे सगळे त्याच्या डोक्यावर येते. तो प्लायच लिहितो. त्याच्या जागी दुसरा कुणीही तेच करील.

हा अडसर सुटू शकतो हे आपल्याच विभागाने रस्त्यांत पाहिले आहे. डांबरात टाकाऊ प्लॅस्टिक घालण्याची पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी बसवली. तिला बळ आले ते इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने मोठ्या शहरांच्या ५० किमी परिसरातल्या डांबरी थरांसाठी ती पद्धत लागू केली तेव्हा. अभियंत्याच्या हातात कागद आला. बोर्डाला तोच कागद हवा आहे. केंद्राच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान संवर्धन परिषदेकडे, मानकात न बसणाऱ्या नव्या मालासाठी कामगिरी प्रमाणपत्राची योजना आधीच आहे. ते प्रमाणपत्र राज्याने ग्राह्य धरावे आणि लहान कारखान्यांसाठी त्याचा खर्च उचलावा.

दरसूचीतली नोंद कशी असावी हेही सुचवतो. जाडी १२ व १८ मिमी. घनता घनमीटरला ८५० ते १,००० किलो. २४ तास पाण्यात ठेवल्यावर जाडीतली वाढ आठ टक्क्यांच्या आत. वाकण्याची ताकद आणि स्क्रूची पकड मानक २३८० मधल्या पद्धतीने तपासलेली. प्रत्येक लॉटमधून तीन बोर्ड कापून तपासणी. या चाचण्या अमरावती आणि नागपूरच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळांत व्हाव्यात, कारण नमुना परराज्यात पाठवायचा तर लहान कारखान्याचा महिना जातो.

वापर कुठे, हे आम्ही आग्रहाने मर्यादित ठेवायला सांगू. जिल्हा परिषद शाळांच्या स्वच्छतागृहांची दारे ही या बोर्डाची सर्वांत योग्य जागा: फ्लश डोअरचा खालचा वीतभर भाग पाण्याने सडतो, तिथे हा टिकतो. कापलेल्या कडा मात्र रंगाने किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकने बंद केल्याच पाहिजेत, वाळवी आणि पाणी तिथूनच शिरतात. बाकांचे वरचे पाट, अंगणवाडीतले आडोसे, सूचनाफलक. सेंट्रिंगसाठी १८ मिमीचा बोर्ड चांगला, काँक्रीट त्याला धरत नाही. पण त्याचा ताठपणा प्लायच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून खालचे टेकू ६० सेंमीऐवजी ४५ सेंमीवर घ्यावेत. उन्हातल्या कामात दोन बोर्डांमध्ये तीन मिमी फट सोडावी. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आठ फुटांचा बोर्ड तेवढा वाढतो. फट न ठेवल्याने उचललेला बोर्ड पाहून लोक मालाला नावे ठेवतात.

आणि कुठे नको? भार पेलणाऱ्या भागात नको, कारण सततच्या वजनाखाली प्लॅस्टिक हळूहळू झुकते. मोठ्या अंतराच्या फळ्यांसाठीही नको. स्वयंपाकघरात, चुलीजवळ, बाहेर पडण्याच्या वाटेवर आणि छतात अजिबात नको. तो जळतो, जळताना त्याचे थेंब गळतात. अग्निरोधक घातलेला बोर्ड स्वतंत्रपणे तपासून पास होईपर्यंत ही बंदी नोंदीतच लिहावी. कापताना उडणारा भुगा हे सूक्ष्म प्लॅस्टिकच आहे. करवतीला धूळ ओढणारी पिशवी आणि तुकडे कारखान्याला परत, ही अट निविदेत असावी. तुकडे पुन्हा दळून वापरता येतात.

शेतातली सगळी काडी उचलली तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब जाईल, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. जो शेतकरी श्रेडर फिरवून काडी मातीत गाडतो, त्याची काडी मागू नये. पेटवली जाणारी आणि धुऱ्यावर कुजणारी काडीही या उद्योगाला कितीतरी वर्षे पुरेल.

आमचा आग्रह आहे की नोंद काढताना एकाच जिल्ह्यापासून सुरुवात व्हावी. अमरावती जिल्ह्यातल्या शाळांच्या स्वच्छतागृहांच्या दारांची एका वर्षाची मागणी आधी जाहीर करा, नग आणि मापासह. मागणी दिसली तर बँक खेळते भांडवल देते, नाहीतर देत नाही. पऱ्हाटी जानेवारीअखेर निघायला लागते आणि मेअखेर वाळवून शेडखाली गेली पाहिजे. म्हणून हा निर्णय दिवाळीपर्यंत व्हावा. नोंदीचा मसुदा, दर पृथक्करण आणि तपासणीसाठी कापलेले नमुने घेऊन आपण सांगाल त्या कार्यालयात यायची आमची तयारी आहे.

आपले,
पश्चिम विदर्भातील बोर्ड बनवणारे तंत्रज्ञ व बसवणारे सुतार